हलकी सीडी

"एकोणीस मिनिटं," काळबांडेकाका म्हणाले. "बटण दाबल्यापासून हा पहिला शब्द बोलेपर्यंत एकोणीस मिनिटं लागून राहिले. तेवढ्यात माझी अंघोळ होते, चहा होतो, तरी हा आपला मुकाच."

मांडीवर सीपीयू घेऊन ते ऑटोतून आले होते आणि तसाच तो मांडीवर धरून माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसले होते. खाली ठेवा म्हटलं तर ठेवेनात. दोन हजार नऊ साल होतं ते. वाशीमला माझं मापारी कॉम्प्युटर्स नावाचं दुकान होतं, वय सत्तावीस, आणि आपल्याला या गावात तोड नाही असा माझा पक्का समज होता.

काळबांडेकाकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, पण आवाज मात्र चांगला ओळखीचा होता. गावातल्या एका मोठ्या सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर ते बावीस वर्षं होते. कचेरीचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. तिथे फोन लावला की "नमस्कार, कुणाशी बोलायचं आहे?" असं जे कानावर यायचं, ते हेच. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. लग्न केलं नव्हतं, कचेरीमागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहायचे. पण अर्ध्या जिल्ह्याशी त्यांचं रोज बोलणं व्हायचं. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची बदली कुठे झाली, कुणाला खोकला आहे, सगळं त्यांना ठाऊक. माझा नमस्कार ऐकल्याबरोबर म्हणाले, "तुम्ही मापारी. प्रिंटरसाठी आस्थापना शाखेला चारदा जोडून दिलं होतं तुम्हाला. चारही वेळा ते जागेवर नव्हते."

मग त्यांनी अडचण सांगितली. कचेरीत नवीन यंत्र येणार होतं, जो तो आपला नंबर आपणच फिरवणार, बोर्ड बंद. काकांचं काय करायचं हा साहेबांपुढे प्रश्न. आगलावे म्हणून साहेब होते, माणूस सरळ होता. त्यांनी सांगितलं की सोमवारी कॉम्प्युटरची चाचणी घेतो, जमलं तर आवक-जावक टेबल तुमचं. नाही जमलं तर मग बघू.

"बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "नोकरीवरून काढणार नाहीत, पगार देतील. पण एका खुर्चीवर बसवून ठेवतील. अकरा वर्षं राहिली आहेत माझी. आवक-जावकला दिवसभर माणसं येतात हो, माझं पत्र आलं का, माझा अर्ज कुठे गेला, विचारतात. मला तिथे बसायचं आहे."

त्यासाठी ते मुंबईला जाऊन दोन महिन्यांचं शिक्षण घेऊन आले होते. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक बोलणारा प्रोग्रॅम असतो, तो कानात बोलतो आणि माणूस ऐकत ऐकत टाइप करतो. मराठी त्याला धड जमायचं नाही, म्हणून साहेबांनी त्यांची चाचणी इंग्रजी पत्राची ठेवली होती. कचेरीतल्या मशीनवर असला प्रोग्रॅम घालायची सोय नव्हती, तेव्हा स्वतःची मशीन आणायलाही परवानगी दिली होती. पण ती मशीन म्हणजे कुणीतरी वापरून फेकलेली. तिला पहिल्या शब्दालाच एकोणीस मिनिटं लागत होती.

मी म्हणालो, काका, तुम्ही अगदी बरोबर जागी आलात.

आता इथे माझ्या सीडीबद्दल सांगायला हवं, कारण त्या काळी माझी सगळी मिजास तिच्यावरच होती. कॉम्प्युटरमध्ये आधी विंडोज भरावी लागते, मग पुढचं सगळं. त्या विंडोजच्या सीडीत शंभर गोष्टी असतात आणि त्यातल्या साठ आपल्याकडच्या माणसाला जन्मात लागत नाहीत. जुन्या मशीनला ते ओझं ओढवत नाही. इंटरनेटवर मला एक छोटा प्रोग्रॅम सापडला होता. मूळ सीडी त्यात घालायची, नको त्या गोष्टींपुढच्या खुणा काढून टाकायच्या, की तो नवीन सीडी तयार करून द्यायचा, निम्म्या वजनाची. मूळ सीडी कुठून आणली ते विचारू नका, तेव्हा कुणीच विचारत नव्हतं. गावात तिला हलकी सीडी म्हणायचे. मेलेली मशीन उठून धावायची. अकोल्याहून लोक यायचे माझ्याकडे, खोटं नाही सांगत.

तो प्रोग्रॅम तसा भला होता. एखादी खूण काढली की पिवळी चौकट यायची: हे काढल्यास काही प्रोग्रॅम चालणार नाहीत, खात्री आहे का? मी हो म्हणायचो. ज्या गोष्टींचा अर्थ कळायचा त्यांना विचार करून हो, ज्यांचा कळायचा नाही त्यांना अंदाजानं हो. मराठी शाळेत शिकलो मी, आणि पुढे एक सर्टिफिकेटचा कोर्स. माझं इंग्रजी कामापुरतं होतं.

पण मी बेजबाबदार नव्हतो, हे मला तेव्हाही वाटायचं आणि आत्ताही सांगावंसं वाटतं. मी एक कागद छापला होता. वर लिहिलं होतं, ही विंडोज हलकी केलेली आहे, पुढील गोष्टी चालणार नाहीत. खाली अकरा ओळी, शुद्ध मराठीत. प्रत्येक गिऱ्हाइकानं तो वाचायचा, सही करायची, मगच मी मशीनला हात लावायचो. नंतर कुणी भांडायला आलं की कागद पुढे करायचो. मोठमोठ्या शहरातले दुकानदार असली सूचना देत नव्हते. मला त्या कागदाचा फार अभिमान होता.

काकांपुढेही मी तो ठेवला आणि सही लागेल म्हणालो.

"वाचून दाखवता का?" त्यांनी विचारलं.

दुकानात आणखी दोघं जण थांबले होते. अकरा वाजता लाइट जायची होती. तेव्हा भारनियमन होतं, दिवसाचे सात-आठ तास लाइट नसायची, आणि जायच्या आधी मला एक मशीन पूर्ण करून द्यायची होती. मी म्हणालो, "काही विशेष नाही काका. फॅक्स, जुना मॉडेम, असलंच सगळं. तुमच्या कामाचं त्यात काही नाही."

"बरं," ते म्हणाले. खिशातून त्यांनी पुठ्ठ्याचं एक कार्ड काढलं, मधोमध लांबट खाच कापलेली. कुठे सही करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं. तिथे कार्ड ठेवून खाचेतून त्यांनी सही केली. माझ्या फायलीत इतकी सरळ सही दुसऱ्या कुणाची नव्हती.

मशीन शनिवारी द्यायचं ठरलं, म्हणजे रविवारी त्यांना सराव मिळाला असता. शनिवारी दिवसभर लाइटनं खेळवलं. निम्मी विंडोज भरली की लाइट जायची, आली की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि सांगितलं की सोमवारी सकाळी मी स्वतःच मशीन घेऊन थेट कचेरीत येतो, तुम्हाला उचलायची दगदग नको. ते म्हणाले, एकदा हात फिरवायला मिळाला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, निर्धास्त राहा, मशीन अशी पळेल की ओळखणार नाही.

रविवारी दुपारी काम झालं. विंडोज भरली, त्यांनी दिलेल्या सीडीवरून बोलणारा प्रोग्रॅम घातला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. चाळीस सेकंद. चाळिसाव्या सेकंदाला स्पीकरमधून स्वच्छ इंग्रजी आवाज आला, स्वागत आहे म्हणाला. मी टेबलावर थाप मारली, इतका आनंद झाला. एकोणीस मिनिटांचं चाळीस सेकंदांवर आणलं होतं मी. पुढे काही तपासलं नाही. खरं सांगायचं तर काय तपासायचं तेच मला कळलं नसतं. मला डोळे होते, हातात माउस होता. प्रोग्रॅम बोलायचा होता, तो बोलला, माझ्या लेखी विषय संपला.

सोमवारी दहा वाजता मी स्कूटरवरून सीपीयू घेऊन कचेरीत गेलो. वरच्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत टेबल लावलं होतं. काका आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. मी वायरी जोडल्या. त्यांनी कीबोर्डवरून दोन्ही हात फिरवून जागा बघून घेतली, हेडफोन लावला. आगलावेसाहेब आले. आल्या आल्या मला म्हणाले, मापारी, तुमच्या सीडीचं बरंच ऐकलं आहे, आमच्या चाळीस मशीन अशाच रखडल्या आहेत, आज हे कसं चालतं ते बघतो आणि मग बोलू. मी मनातल्या मनात चाळीस मशीन रांगेत मांडूनही टाकल्या.

साहेबांनी चाचणी समजावली. एका गावचा हातपंप बंद आहे अशी तक्रार आली आहे, ते पत्र पडद्यावर आहे. ते उघडून वाचायचं, उत्तर टाइप करायचं, साठवायचं. वेळ तीस मिनिटं. "करा सुरू," म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन फाइल वाचत बसले.

मी काकांच्या मागे उभा होतो. मशीन सुरू झाली. ती हेडफोनमध्ये स्वागत आहे म्हणाली असणार, कारण काका हसले. मग त्यांनी एक बटण दाबलं. थांबले. दुसरं दाबलं. पुन्हा थांबले. पहिल्यापासून तेच पुन्हा केलं. मग एका कानावरचा हेडफोन बाजूला सारून हळूच म्हणाले, "मापारी, आहात ना?"

"आहे."

"हा मला अननोन म्हणून राहिला. काहीही दाबलं तरी अननोन."

त्यांनी हेडफोन माझ्याकडे केला, मी कानाला लावला. त्यांनी बाणाचं बटण दाबलं. अननोन. दुसरीकडे वळले. अननोन. पडद्यावर पत्राचं चिन्ह मला समोर दिसत होतं, खाली नाव लिहिलेलं दिसत होतं, आणि तो आवाज मात्र म्हणत होता, माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही.

नेमकं काय झालं ते मला कळलं नव्हतं, पण कुणामुळे झालं ते त्याच क्षणी कळलं. प्रोग्रॅमला तोंड होतं, पण विंडोजमधलं जे काही त्याला पडद्यावरचं सांगायचं, ते मी काढून टाकलं होतं. कुठल्यातरी पिवळ्या चौकटीला मी हो म्हटलं होतं.

साहेबांनी मान वर केली. "काय झालं? मशीनमध्ये बिघाड आहे का मापारी? तसं असेल तर पुढच्या सोमवारी घेऊ, मला घाई नाही."

काकांचा चेहरा माझ्याकडे वळला.

मी म्हणालो, "नाही साहेब. मशीन व्यवस्थित सुरू आहे."

वाक्य खोटं नव्हतं. मशीन सुरूच होती. पंखा फिरत होता, दिवे लागले होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चूक माझी आहे, आठ दिवस द्या. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण मला त्या चाळीस मशीन दिसत होत्या, आणि गावभर होणारं नाव दिसत होतं, मापारीच्या सीडीनं ऐन वेळी दगा दिला म्हणून. मी मूग गिळून उभा राहिलो.

"मग करा पुढे," साहेब म्हणाले आणि पुन्हा फाइलीत शिरले.

काकांनी हेडफोन परत कानाला लावला. त्यांना वाटलं असावं की आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी ताठ बसून पाठ केलेल्या खेपा मोजायला सुरुवात केली, इतक्यांदा वर, इतक्यांदा उजवीकडे, म्हणजे टाइप करायचा प्रोग्रॅम उघडतो. पण मशीन हलकी करताना मी पडद्यावरच्या प्रोग्रॅमच्या यादीतल्या ओळीही कमी केल्या होत्या. त्यांची मोजणी बरोबर होती, यादी बदलली होती. काहीच उघडलं नाही. त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. उघडलं असं धरून ते टाइप करायला लागले.

आणि काय टाइप करत होते ते. दहाही बोटं, न अडखळता. हातपंपाचा विषय त्यांनी साहेबांच्या तोंडून ऐकला होता, तेवढ्यावर पूर्ण उत्तर त्यांनी मनात जुळवलं असणार. पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हतं. कागदच उघडलेला नव्हता, उमटणार कशावर? एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराचं चिन्ह नुसतं निळं व्हायचं, एम दाबलं की माय कॉम्प्युटर, आर दाबलं की रिसायकल बिन. ती चिन्हं एकामागून एक निळी होत होती आणि विझत होती. मी ते मागे उभा राहून बघत होतो. पंचवीस मिनिटं बघत होतो. मध्ये एकदा त्यांनी ओळ बदलायला एंटर दाबलं तेव्हा एक रिकामी खिडकी उघडली, आणि तिच्यावर ते पुढचा परिच्छेद टाइप करत राहिले.

शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "झालं साहेब," म्हणाले.

साहेब उठून आले. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी खाली वायरीकडे बघत होतो. साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळबांडे, यात काहीच नाही हो."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

काकांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मुंबईला जमत होतं."

सीपीयू मी दुकानात परत आणला, बघतो काय झालं ते, असं सांगून. इंटरनेटवर एका चर्चेत प्रश्न टाकला, दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका ओळीत उत्तर दिलं. दोन तासांत मी नवीन सीडी केली, ती खूण परत लावून. मशीन व्यवस्थित वाचायला लागली, प्रत्येक चिन्ह, प्रत्येक ओळ. काकांच्या खोलीवर नेऊन दिली तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, तुमच्या प्रोग्रॅमची सीडी घासली गेली होती. ते म्हणाले, माझ्यामुळे तुम्हाला उगाच हेलपाटे पडले. चहा केला त्यांनी माझ्यासाठी. मी प्यायलो.

त्या चाळीस मशीन मला मिळाल्या. आणि त्यांच्या देखभालीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा कचेरीत जाणंही माझ्या गळ्यात पडलं.

तळमजल्यावर लांब बोळ होता. त्याच्या टोकाला, पाण्याच्या फिल्टरशेजारी, काकांना खुर्ची दिली होती. टेबल नाही, फोन नाही, फक्त खुर्ची. दहाला येऊन सही करायची, पावणेसहाला उठायचं. लोक पाणी प्यायला यायचे, पण पाणी पिणारा माणूस बोलत नाही, पितो आणि जातो. बोर्डावर ज्याचा आवाज सगळ्यांना हवा असायचा तो माणूस तिथे बसून आहे हे महिनाभरात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मीही तिथून जाताना काही न बोलता जायचो. वर जायचा जिना पुढेच होता.

असे आठ महिने गेले. एकदा दुपारी लाइट गेलेली होती, बोळात कुणी नव्हतं, मी निघालो होतो आणि काका म्हणाले, "कोण आहे?" तोच आवाज, बोर्डावरचा, नमस्कार म्हणणारा. तो त्या रिकाम्या बोळात इतका मोठा वाटला की मला पुढे जाता आलं नाही.

"मापारी."

"या. आज सकाळपासून तुम्ही पहिले."

मग मात्र मला राहवलं नाही. मी तिथेच भिंतीला टेकून सगळं सांगून टाकलं. चूक माझ्या सीडीची होती, मला त्याच वेळी कळलं होतं, साहेब आठ दिवस द्यायला तयार होते आणि मी गप्प बसलो. तुमची सीडी घासली गेली हेही खोटं. सांगता सांगता मी रडायला लागलो, आणि त्या रडण्याची मला आणखीच लाज वाटली.

काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "काढलं काय होतं तुम्ही नेमकं?"

"ॲक्सेस."

"म्हणजे?"

मी समजावलं. आमच्या कोर्समध्ये याद्या ठेवायचा एक प्रोग्रॅम शिकवायचे, त्याचं नाव ॲक्सेस. वाशीममध्ये तो कुणाकडेच नव्हता. काढायच्या यादीत त्या नावाचं काहीतरी दिसलं, मला वाटलं त्याचंच लटांबर असेल, म्हणून काढलं. आणि कागदात लिहिलंही होतं मी, सातव्या ओळीत, ॲक्सेसचे प्रोग्रॅम चालणार नाहीत.

"यादीत शब्द काय होता? स्पेलिंग सांगा."

माझ्या ते आता पाठ झालं होतं. मी एकेक अक्षर सांगितलं. ए, सी, सी, ई, एस, एस, आय, बी, आय, एल, आय, टी, वाय.

काका हळूच म्हणाले, "ॲक्सेसिबिलिटी."

"हो."

"मुंबईला पहिल्या दिवशी पहिला शब्द हाच शिकवला होता आम्हाला. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यानं मशीन वापरावी म्हणून जे ठेवलेलं असतं, ते. आमचं नावच आहे ते, मापारी." मग म्हणाले, "तुम्ही सातवी ओळ वाचली असती ना, तर मी विचारलं असतं, ॲक्सेस म्हणजे कोणतं."

तो कागद मी चारशे माणसांकडून वाचून घेतला होता, आणि ज्यानं वाचून दाखवा म्हटलं त्या एकट्याला वाचून दाखवला नव्हता.

हल्ली मी पुण्यात एका कंपनीत असतो. प्रोग्रॅममध्ये ज्या सूचना येतात त्या मराठीत लिहायचं माझं काम आहे. हे काढल्यास अमुक चालणार नाही, ते चालणार नाही. माझ्या सूचना लांबलचक होतात म्हणून तिथली पोरं हसतात, कोण वाचतंय सर, म्हणतात. मी हसून सोडून देतो. घरी एकटाच असतो. सुट्टीच्या दिवशी कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द निघालेला नसतो, आणि मग त्या बोळाची आठवण येते. त्यांना तसे आठवड्याचे सहा दिवस मी दिले, हे तेव्हा मला आकड्यात कळलं होतं, आता अंगात कळतं.

पण त्या दुपारचं राहिलं सांगायचं. मी म्हणालो, काका, मी आत्ता वर जातो आणि सगळं सांगतो. ते म्हणाले, कुणाला सांगता? आगलावेसाहेबांची यवतमाळला बदली झाली. बोर्ड भंगारात गेला. आवक-जावकला नवीन मुलगी आली आहे, नवरा नाही बिचारीला, तिची जागा कशाला हलवता. राहू द्या.

"मग मी काय करू?" मी विचारलं. खरोखर विचारलं. त्यांनी त्या वेळी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं, असं मला वाटत होतं.

"एक करा," काका म्हणाले. "तुम्ही येता-जाता इथूनच. जाताना नुसतं म्हणत जा, काळबांडे, मी मापारी. थांबू नका, तुमची कामं असतात. तेवढंच म्हणा आणि जा. मला कुणीतरी गेलं असं कळेल."

"हो काका," मी म्हणालो. "रोज म्हणेन."

त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला आणि निघालो.

पुढच्या खेपेपासून मी मागच्या जिन्यानं जायला लागलो. कचेरीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी जिना होता, सफाईवाले वापरायचे तो. दुकान बंद करून पुण्याला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, मी त्याच जिन्यानं चढलो-उतरलो. काकांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती, एवढंच खरं. काम फार असतं, तो जिना जवळ पडतो, असलं काहीबाही मी स्वतःला सांगायचो.

पहिल्याच दिवशी वर पोहोचल्यावर मी कठड्यावरून वाकून पाहिलं होतं. तो जिना त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीला लागूनच वर जात होता, आणि त्या भिंतीला जाळीची खिडकी होती. माझ्या प्रत्येक पावलाला तो लोखंडी जिना वाजायचा. तीन वर्षं ते ऐकत असणार, आणि त्यांनी एकदाही हाक मारली नाही.